बिनचामखिळीचा बेदाणा

नागसेन सरवदे यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजची जागा होती, फ्रीज नव्हता. घर बांधणाऱ्याने ओट्याशेजारी सव्वादोन फुटांचा एक कोपरा सोडला होता आणि त्यात जाड पिनांचा एक प्लग बसवून दिला होता. त्या कोपऱ्यात माया सरवदे गेली तीन वर्षं कांद्याची टोपलीसुद्धा ठेवू देत नव्हती. "जागेला एकदा टोपलीची सवय लागली की मग ती फ्रीज मागत नाही," असं तिचं म्हणणं. ती नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळत असल्यामुळे तिच्या म्हणण्याला घरात उलट उत्तर नसे.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या जागेत कॉम्प्युटर येऊन बसला.

दुसरीकडे तो बसण्यासारखा नव्हता असं नाही. पण बाहेरच्या खोलीत पश्चिमेचं ऊन, आतल्या खोलीतल्या प्लगमधून ठिणग्या, आणि पुण्याच्या एकवीस दिवसांच्या कोर्सात गुरुजींनी बजावून सांगितलेलं की यंत्राला ऊन, धूळ आणि ठिणगी ह्या तिन्ही गोष्टी वर्ज्य. फोडणीबद्दल गुरुजी काही बोलले नव्हते. नागसेनने त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा लावला.

वीस वर्षं नागसेनने सांगलीत पाट्या रंगवल्या होत्या. आता तो डिझायनर झाला होता. तशी पाटी त्याने दाराला लावलीही होती, 'नागसेन सरवदे, डिझायनर'. ही पाटी त्याने ब्रशने रंगवली, कारण कॉम्प्युटरवर एवढं मोठं अक्षर कागदावर मावेना. लोक ती पाटी नीट वाचत, अक्षराचं कौतुक करत आणि मग विचारत, "पेंटर हायत का घरात?"

मायाने एकच अट घातली होती. "दिवाळीपर्यंत. तोवर ह्याने आपली जागा कमावली तर राहू दे. नाहीतर दिवाळीला इथे फ्रीज येणार आणि हा जाणार कुपवाडला, प्रशांतच्या वर्कशॉपमध्ये बिलं छापायला."

प्रशांत म्हणजे तिचा भाऊ. तो नट-बोल्ट करायचा. त्याने आधीच फोन करून विचारून घेतलं होतं की दाजी बिलावर नटाचं चित्र पण काढतील का. नागसेनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

जागेची आणखी एक अडचण होती. कॉम्प्युटरच्या बरोबर वर, भिंतीवर, मायाच्या वडिलांचा फोटो होता. धनाजीराव, कराडच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त. झुपकेदार मिशा, आणि फोटोग्राफरने 'हसा' असा हुकूम दिल्यावर माणूस जेवढा हसतो तेवढं हसू. फोटो हलवायचा विषय नागसेनने एकदाच काढला. तेव्हा मायाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. लाटणं हातात असताना ती भांडत नसे, त्यामुळे खाली ठेवणं ही गोष्ट गंभीर होती. फोटो तिथेच राहिला. दिवसाचे आठ तास जावई सासऱ्यासमोर बसू लागला. पुरुषाच्या आयुष्यात ही वेळ सहसा लग्न ठरवतानाच येते, आणि तीही चहा होईपर्यंतच.

शेजारच्या सुलाबाई पहिल्या आठवड्यातच बघून गेल्या. त्यांनी पडद्याला हात लावला, मागच्या पेटीला लावला आणि म्हणाल्या, "आवं भाऊजी, ह्ये तर गरम हाय!"

"कॉम्प्युटर आहे तो, वहिनी."

"व्हय, पण फ्रीजच्या जागंवर बसलाय न्हवं? माझं ऐका. ओलं पोतं टाका त्याच्यावर. आमच्या म्हशीला टाकत हुतो उन्हाळ्यात. दुधाला कमी पडली न्हाई ती."

नागसेनने पोतं टाकलं नाही, पण शेजारच्या खुंटीला ओला पंचा टांगला. त्याने हवेत गारवा आला की नाही हे कळलं नाही, पण पेटीला हात लागल्यावर मुंग्या मात्र येऊ लागल्या. मग पंचा काढला. चपला बाहेर काढायचा नियम तेवढा टिकला. देवळात जोड्यासकट शिरणारी माणसंही सरवद्यांच्या स्वयंपाकघरात अनवाणी येऊ लागली.

पुढे मिक्सर आणि कॉम्प्युटर एकदम चालू झाले की फ्यूज उडायला लागला. चटणी की चित्र, असा तो सरळ प्रश्न होता. म्हणून नागसेन विजेच्या कचेरीत लोड वाढवून मागायला गेला. फॉर्मवर 'उपकरण' असा रकाना होता. तिथल्या कारकुनाने पेन थांबवलं.

"कॉम्प्युटर नका लिहू. कॉम्प्युटर म्हणजे धंदा. धंदा म्हणजे मीटर बदलायचा. मीटर बदलायला साहेबांची सही. जुने साहेब बदलून गेले, नवे साहेब जतहून निघालेत म्हणतात, पण अजून पोचले नाहीत. फ्रीज लिहा."

"पण माझ्याकडे फ्रीज नाही."

"मग घ्या की. नाही कोण म्हणतंय?"

अशा रीतीने सरकारदरबारी सरवद्यांचा कॉम्प्युटर फ्रीज म्हणून नोंदला गेला. मायाने तो कागद वाचला, घडी घातली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला.

आता धंद्याची एक रीत सांगायला हवी. सांगलीकडचं गिऱ्हाईक पहिलं डिझाईन पसंत करत नाही. ते मुलगी बघायला गेल्यासारखं बसतं. पहिलीच पसंत केली तर आपल्याला दुसरी मिळत नव्हती असं लोकांना वाटेल, ही भीती. म्हणून गिऱ्हाइकाला तीन डिझाइनं दाखवायची. दोन नाकारायला, एक घ्यायला. नागसेन सुरुवातीला तिन्ही जीव ओतून करायचा आणि दोनदा घायाळ व्हायचा. मग त्याला शहाणपण सुचलं. एकाने नाकारलेली दुसऱ्याला आधी दाखवायची. तो ती नाकारणारच. मग आपलं खरं डिझाईन हळूच पुढे सरकवायचं.

ह्या नाकारलेल्यांत एक म्हातारा होता. त्याचा जन्म झाला कुस्तीच्या फडाच्या पोस्टरवर, पैलवान म्हणून. वस्ताद म्हणाले, "हासतोय कशाला ह्यो? कुस्तीत हासत्यात व्हय?" मग त्याला दंड-बाहू तेच ठेवून, केस पांढरे करून, दाताच्या दवाखान्याच्या पाटीसाठी दाखवला. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात एवढे दात असले तर माझ्याकडे कोण येईल? तिथून तो आला बेदाण्यावर. डोक्याला फेटा बांधला, ओंजळीत बेदाणे दिले, आणि शेतकरी म्हणून उभा केला. हात मात्र पैलवानाचेच राहिले. बेदाणे तो वाटतोय की हिसकावून घेतोय, हे बघणाऱ्याच्या मनावर होतं.

जूनमध्ये तासगावकडून लालासाहेब पाटील आले. द्राक्षबागायतदार, वजनदार माणूस, 'अंबूबाई बेदाणा' ह्या नावाने माल काढायचा होता. अंबूबाई त्यांच्या आई. खोक्याचं डिझाईन हवं होतं, आणि खोकी एवढी लागणार होती की मायाने चहात आपणहून आलं घातलं.

"पेंटर, दावा."

"डिझायनर," नागसेन म्हणाला.

"त्येच त्ये. दावा."

आणि दाखवायला काही सापडेना. कॉम्प्युटरमध्ये नाव आठ अक्षरांचंच देता यायचं, आणि नागसेनने तीन महिन्यांत 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'खरंफायनल' अशी तीनशेवर नावं देऊन ठेवली होती. त्याने एक उघडलं, ते बारशाचं निघालं. दुसरं उघडलं, ते कुणाच्या तरी दहाव्याचं. लालासाहेबांनी आदराने टोपी काढली. तिसऱ्यात नुसतीच कमळं होती. चाळीस मिनिटं झाली. लालासाहेब म्हणाले, "आमी आमच्या हिरीत पडलेली बादली ह्याच्या आधी काढतो."

शेवटी म्हातारा सापडला.

"ह्यो कोण?"

"शेतकरी. प्रातिनिधिक."

"कसला प्रातिनिधिक? ह्यो आमचा चुलता हाय! मिशा बगा. बांध कोरून वर असाच हासतोय. काढा त्येला, काढा!"

नागसेनने म्हातारा काढला. दुसऱ्यात द्राक्षांमागे डोंगर होते. "आमच्याकडं डोंगर न्हाईत," लालासाहेब म्हणाले. मग नागसेनने ते पुढे केलं, ज्याच्यासाठी तो पुण्याला एकवीस दिवस सतरंजीवर झोपला होता. पांढरंशुभ्र खोकं आणि मधोमध एक, एकच, हिरवागार बेदाणा.

लालासाहेब बराच वेळ बघत राहिले. "बाकीचं कवा भरणार?"

"भरायचं नाही. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय. डिझाईनमध्ये तिला श्वास म्हणतात."

"श्वास? खोक्याला?" पण मग त्यांनी बोटांवर मोजलं. "ह्ये तिसरं न्हवं? मग झालं. ह्येच. आमचा फोन यायचाय, दोन वर्सं झाली नंबर लावून. नंबर आला की त्या श्वासात टाकू आणि छापू."

ते गेल्यावर मायाने लाटणं खाली ठेवलं.

"माझ्या स्वयंपाकघरात बसायचं असेल तर हा उकिरडा चालणार नाही. सगळं नीट लावा. माझे डबे बघा. डोळे मिटून हात घातला तरी मोहरीच्या जागी मोहरी."

"मी गिऱ्हाइकांच्या नावानेच लावणार होतो. लालासाहेबांचं एक, वस्तादांचं एक…"

"काय उपयोग? डब्यावर मी दुकानदाराचं नाव लिहिते का? आत काय आहे ते लिहिते."

वाक्य बिनतोड होतं. बिनतोड वाक्यांमुळे जगात जेवढं नुकसान झालंय तेवढं चुकीच्या वाक्यांमुळे झालेलं नाही.

दोन रविवार नागसेन खपला. 'पसंत' एक फोल्डर, 'नापसंत' दुसरा. पसंतमध्ये अकरा निघाली, नापसंतमध्ये तीनशे बारा. नापसंतमध्ये त्याने डबे केले. म्हातारे, द्राक्षं, डोंगर, कमळं, हात जोडलेले, हात न जोडलेले, आणि नुसते कोपरे. कुणी नाकारलं ती चित्राखाली लिहिलेली नावं त्याने एकेक करून पुसली. नाव पुसलं की अपमानही पुसला जातो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो भराभर पुसत सुटला. शेवटी फ्लॉप्या मायाच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात लावल्या, जिऱ्याच्या वाटीत जुन्या, हळदीच्या वाटीत नव्या. शेजारीपाजारी बघायला आले. सुलाबाई म्हणाल्या, "आता ह्याच्यात दही लावलं तरी लागंल."

नागसेनला मात्र हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सगळं जागच्या जागी दिसत होतं. फक्त कुठलं कुणाचं, एवढंच दिसत नव्हतं.

सप्टेंबर उलटला. लालासाहेबांच्या घरी फोन काही बसेना, त्यामुळे खोकी छापेनात. दिवाळी दीड महिन्यावर आली. प्रशांतने कुपवाडला टेबल करून ठेवलं. अशा वेळी वीरधवल पाटील नावाचा तिशीतला तरुण आला, दाराशी बूट काढून, मोजे खिशात घालून. त्यालाही बेदाण्याचं खोकंच हवं होतं. 'राजनंदिनी बेदाणा', मुलीच्या नावाने.

पाटील, बेदाणा आणि तासगावकडचा, एवढ्यावरून नागसेनने काही ओळखायला हवं होतं, असं पुढे बऱ्याच जणांनी त्याला सुनावलं. पण त्या बाजूला पाटील आडनावावरून नातं लावायचं ठरवलं तर प्रत्येक एसटी म्हणजे एक एकत्र कुटुंब होईल.

ह्या खेपेला मात्र नागसेनचा हात डोळे मिटून नापसंतमध्ये गेला. म्हातारे. पहिला. पडद्यावर फेटेवाला उगवला, आणि वीरधवल ताडकन उभा राहिला.

"आबा!"

"कोण आबा?"

"आमचं वडील! तात्याबा पाटील! आवं, तुमी कवा बघितलं त्यास्नी?"

"मी नाही बघितलं. हे आपलं प्रातिनिधिक…"

"न्हाई न्हाई, आबाच! तरणेपणी तालमीत जायचं, दंड बगा की! ह्येच घेतलं."

नागसेन घाबरला. पहिलं डिझाईन पसंत होण्याची सवय त्याला नव्हती. "अहो, दुसरं तरी बघा. डोंगर आहेत छान."

"न्हाई."

"मग तिसरं? निदान नाकारा तरी!"

पण वीरधवल तोवर मोजे चढवत होता. आठ दिवसांत खोकी छापून तासगावच्या सौद्याला, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाला, गेलीसुद्धा. नागसेन तीन दिवस शीळ घालत फिरला. हा म्हातारा आधी बेदाण्यावर कुणाला दाखवला होता का, अशी शंका त्याला एकदा चाटून गेली. पण आठवला तो दातांचा डॉक्टर, आणि त्याची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

दिवाळीला दहा दिवस असताना, रविवारी सकाळी, जिन्यात पावलं वाजली. लालासाहेब चपलांसकट आत आले, तेव्हाच नागसेनला कळलं की काहीतरी भयंकर घडलंय. त्यांनी काखेतलं खोकं ओट्यावर आपटलं.

"पेंटर! ह्यो हासतोय त्यो कोण?"

नागसेनने खोक्याकडे बघितलं, आणि जूनमधलं एकेक वाक्य त्याच्या डोक्यात जागच्या जागी येऊन बसलं. "तुमचे… चुलते."

"आणि कुणाच्या खोक्यावर हासतोय? त्येच्याच पोराच्या! अकरा वर्सं आमचं बोलणं न्हाई. बांधाची केस हाय कोर्टात. आणि आमची चीज तुमी त्येला दिली?"

"पण तुम्ही नाकारली होतीत."

"नाकारली! म्हणून काय आमची न्हवं? सरवदे, आमी रान पडीक ठेवलं म्हणून भाऊकीनं नांगरायचं व्हय?"

हा मुद्दा पुण्याच्या कोर्सात घेतलेला नव्हता. लालासाहेब म्हणाले, "फोन आलाय आमचा. काल आला. आज छापायला सांगणार हुतो. आता एक करा. ते खोकं बाजारातनं मागं घ्यायला लावा, न्हाईतर आमचं काम चाललं कोल्हापूरला."

नागसेनला कुपवाड दिसलं. नट दिसला, त्याच्या बाजूला बोल्ट दिसला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सरवदे हायत का? आबा आल्यात, यंत्र बघाय."

वीरधवल आत आला आणि चुलतभावाला बघून दाराच्या चौकटीसारखा उभा राहिला. त्याच्यामागून काठी टेकत तात्याबा आले. वय ऐंशी. माणूस न बघता माणसाचं चित्र काढणारं यंत्र बघायला म्हणून त्यांनी पोराला गाडी काढायला लावली होती. सव्वादोन फुटांच्या कोपऱ्यासमोर एक बांध, एक कोर्टकेस आणि तीन पाटील जमा झाले.

ह्याच क्षणी मायाच्या लक्षात एक गोष्ट आली. ती नागसेनच्या सहा महिन्यांत लक्षात आली नव्हती. तिने खोक्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मिशा. हसू. फोटोग्राफरच्या हुकमाचं हसू. डावी भुवई उजवीपेक्षा वर. बेदाण्याच्या खोक्यावर तिचे वडील फेटा बांधून उभे होते.

तिने शांतपणे कॉम्प्युटरचं कव्हर उचललं, खिडकीच्या जुन्या फुलाफुलांच्या पडद्यातून तिनेच शिवलेलं, आणि वडिलांच्या फोटोला घातलं.

नागसेनने आधी तिच्याकडे, मग खोक्याकडे बघितलं, आणि फेट्याखाली त्यालाही सासरे दिसले. तो खुर्चीत बसला.

दारातून सुलाबाई डोकावल्याच. "मायाताई, फोटोला टोपडं कशाला घातलं?"

"धूळ फार येते, वहिनी. साखर हवीय का? घ्या. जा."

इकडे भांडण पेटलं होतं, पण नागसेनमार्फत, कारण दोघांचं बोलणं नव्हतं.

"सरवदे, त्यास्नी सांगा, बापाचं थोबाड विकून धंदा करू नका म्हणावं."

"सरवदे, त्यास्नी सांगा, आमचा बाप हाय, आमी खोक्यावर घालू न्हाईतर दारावर."

"ते म्हणतात…" नागसेनने सुरुवात केली.

"ऐकलंय आमी!" दोघेही म्हणाले.

तात्याबांचं इकडे लक्षच नव्हतं. ते खोकं खिडकीशी नेऊन, नाकाला लावून बघत होते. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"ह्यो मी न्हवं."

माया चहाच्या भांड्याशी थिजली.

"चामखीळ कुठाय?" तात्याबांनी डावा गाल पुढे केला. गालावर वाटाण्याएवढी चामखीळ होती. "आमी दोघं भाऊ एका साच्यातलं. आईबी चुकायची. ती ह्या चामखिळीवरनं वळखायची आमाला. बिनचामखिळीचा त्यो माझा थोरला. दादासो." त्यांनी काठी लालासाहेबांकडे केली. "तुझा बाप हाय ह्यो, लाल्या."

लालासाहेबांनी खोकं उचललं आणि मांडीवर घेऊन खाली बसले.

"त्ये गेलं तवा आमी चार वर्साचं हुतो," ते नागसेनला म्हणाले. "फोटू न्हाई त्येंचा घरात एकबी. आई नुसती सांगती, असं हुतं, तसं हुतं. असं हुतं व्हय?"

नागसेनने मायाकडे बघितलं. मायाने चहा गाळायला घेतला. खरं बोलायला दोघांनाही तोंड होतं, पण त्या वेळी ते कुणी उघडलं नाही. धंद्यासाठी, असं नागसेन पुढे म्हणायचा. पण तो असं म्हणाला की माया त्याच्याकडे नुसती बघायची.

हे सगळं अर्धा मिनिट टिकलं. मग लालासाहेब उठले.

"म्हंजे आमचा बाप ह्यांच्या खोक्यावर? सरवदे, त्यास्नी सांगा…"

"त्यास्नी सांगा, पसंत आमी केलाय! पयला आमी घेतलाय!"

तेव्हा नागसेनने माऊस हातात घेतला. हा आपल्या आयुष्यातला सर्वोच्च डिझायनर-क्षण होता असं तो आजही मानतो. त्याने फेटेवाल्याच्या डाव्या गालावर एक काळा ठिपका दिला आणि म्हणाला, "हे तात्याबा." मग ठिपका काढला. "हे दादासो." मग दिला. मग काढला. दोन भाऊ एका पडद्यावर आळीपाळीने येत-जात राहिले.

तात्याबा पुढे सरसावले. "जरा खाली घ्या. अजून. आता मोठी करा. एवढी न्हाई! चामखीळ हाय का सुपारी?"

लालासाहेबांनी मान वाकडी केली. "वीरू," ते म्हणाले, "जरा मिशीकडं सरकाय पायजे न्हवं?"

"व्हय दादा," वीरधवल म्हणाला, "आबांची मिशीला टेकती."

आणि मग अकरा वर्षांनी आपण एकमेकांशी बोललो, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. बांधाची केस ह्यामुळे मिटली नाही. ती अजून चालू आहे. पण तारखेला दोघे एकाच जीपने जाऊ लागले.

ठरलं असं की 'राजनंदिनी'वर चामखिळीचा म्हातारा आणि 'अंबूबाई'वर बिनचामखिळीचा. वीरधवलच्या छापून झालेल्या खोक्यांवर शाईने ठिपके द्यायचे.

"आणि ते तिसरं?" नागसेनने विचारलं. "तुम्ही पसंत केलेलं? एका बेदाण्याचं?"

"ते ऱ्हाऊ द्या तुमास्नी," लालासाहेब प्रेमाने म्हणाले. "त्येच्यात श्वास लय हाय. आमचा म्हातारा उभा कुठं ऱ्हाणार?"

दोघे चुलतभाऊ खाली गेले. तात्याबा मागे राहिले. त्यांनी काठीच्या टोकाने फोटोवरचं फुलाफुलांचं कव्हर अलगद उचललं, आणि बघत राहिले.

"कोण ह्ये, पोरी?"

"माझे वडील," माया म्हणाली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"हायत?"

"आहेत. कराडला."

"चांगला चेहरा हाय." त्यांनी कव्हर पुन्हा नीट घातलं, कडा ओढून सारखी केली. "मला दिसतंय चांगलं. मिरजंला मोतीबिंदू काढलाय. त्या दोघांचाच काढायचा ऱ्हायलाय. पर काढू नगा इतक्यात."

दिवाळीला फ्रीज आला. कॉम्प्युटरने जागा कमावली होती, ती मायाने मान्य केली, आणि फ्रीज बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लागला. त्याच्यासाठी पुन्हा लोड वाढवायला नागसेन कचेरीत गेला. तोच कारकून, तोच रकाना.

"तुमच्याकडे एक फ्रीज आहे की. दुसरा कशाला?"

"पहिल्यात चित्रं ठेवतो," नागसेन म्हणाला. कारकुनाने त्याच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'चौकशी करणे.' चौकशीला जे साहेब येणार आहेत ते जतहून निघालेत म्हणतात.

सौद्यात आता खोक्यांची नावं कुणी घेत नाही. 'चामखिळीचा दहा पेट्या, बिनचामखिळीचा वीस,' असाच पुकारा होतो. एका बेदाण्याचं पांढरं डिझाईन नागसेनने स्वतःच्या हाताने 'नापसंत'मध्ये ठेवलं, आणि त्याच्यासाठी नवा डबा केला. डब्यावर लिहिलं, 'श्वास'. नवं गिऱ्हाईक आलं की तो ते आधी दाखवतो. अजून कुणी घेतलेलं नाही.

पाडव्याला धनाजीराव कराडहून लेकीकडे आले. फ्रीज पाहिला, थंड पाणी प्यायले, जावयाचा कॉम्प्युटर पाहिला. लालासाहेबांनी भेट पाठवलेलं खोकं समोर होतं. त्यांनी ते उघडलं, मूठभर बेदाणे तोंडात टाकले आणि चावता चावता झाकण उलटंसुलटं करून बघितलं. माया आणि नागसेन झाकणाकडे बघत उभे होते.

"बेदाणा झकास हाय," धनाजीराव म्हणाले. "म्हाताऱ्याचं थोबाड तेवढं बदलाय पायजे हुतं. कुठनं धरून आणलं ह्ये ध्यान?"

नागसेन कॉम्प्युटरसमोर बसला, 'नापसंत' उघडलं, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा कुणी नाकारलं त्याचं नाव लिहून ठेवलं.